चूल बंद, तर वैल कसा तापणार?

मनू, काल रात्री फोनवर तू "ताई, आम्ही फसलो गं" म्हणालीस, तेव्हापासून जीव लागून राहिलाय. पिल्लू रडत होतं, तुझं अर्धं लक्ष त्याच्याकडे, म्हणून मी फार ताणलं नाही. आज लिहूनच काढते. तो झोपला की सावकाश वाच.

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे तुझी झोप उडायची थांबेल. तुमची गाडी बिघडलेली नाही. विकणाऱ्यानं संपलेली बॅटरी तुमच्या गळ्यात मारलेली नाही. ऑगस्टमध्ये गॅलनला ५० मैल देणारी प्रियस आता ३६ देतेय, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला २१ किलोमीटरवरून १५ वर आलीय. पुण्यात असं झालं असतं तर आपण गाडी तडक गॅरेजला नेली असती, त्यामुळे तुझ्या पोटात गोळा आला यात नवल नाही. पण तू आता पुण्यात नाहीस. मिनियापोलिसच्या जानेवारीचं सरासरी तापमान १६ फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली ९ सेल्सिअस. ही थंडी आपण दोघींनी लहानपणी कधी पाहिलेली नाही. गाडी कशी वागते हे इथं नव्यानं शिकावं लागतं.

मी ते शिकले, पण त्यापायी काय काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. आमची गाडीही तुझ्यासारखीच, २०१२ ची, दुसऱ्या हातची. पहिल्या हिवाळ्यात आकडा असाच धाडकन खाली आला. एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं पाच मिनिटं बघितलं आणि हायब्रिड बॅटरी गेली, नवी टाका म्हणाला. त्यानं सांगितलेली रक्कम ऐकून आम्ही दोघं रात्रभर जागे होतो. आईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडायचे का, इथपर्यंत बोलणं गेलं. शेजारी एक निवृत्त आजोबा राहायचे, जन्म इथल्याच बर्फात गेलेला. ते म्हणाले, कुठला दिवा पेटलाय का समोर? नाही ना? मग एप्रिलपर्यंत थांबा. आम्ही थांबलो. एप्रिलच्या शेवटी टाकी भरली तेव्हा ४८ चा आकडा आला. बॅटरीला कुणी हातही लावला नव्हता.

हे असं का होतं, ते एकदा नीट समजून घे. एकदा समजलं की पुढचं सगळं तुझं तुलाच सुचेल.

वाईच्या आजीची चूल आठवते? पुढे भाकरीचा तवा, मागे वैल. पुढच्या जाळावर भाकऱ्या व्हायच्या आणि त्याच जाळाच्या धगीवर मागे वैलावर आमटी नाहीतर दूध गरम राहायचं. वैलासाठी आजीनं कधी वेगळं लाकूड घातलं नाही. साध्या पेट्रोल गाडीचा हीटर म्हणजे हा वैल. इंजिनात पेट्रोल जळतं, त्यातली बरीचशी शक्ती नुसती उष्णता होऊन वाया जाते. ती उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते, आणि तेच गरम पाणी हीटरमधून फिरवून गाडीतली हवा गरम करतात. इंजिन चालूच असतं, त्यामुळे ऊब फुकट मिळते.

आता आपली हायब्रिड बघ. ती पैसे वाचवते ते कशावर? चूल वारंवार बंद ठेवण्यावर. सिग्नलला थांबलीस, इंजिन बंद. उतारावर पाय काढलास, इंजिन बंद. पार्किंगमध्ये हळू सरकतेस, बॅटरीवर. उन्हाळ्यात हे सगळं सुखात चालतं. जानेवारीत मात्र तुला ऊब हवी असते, आणि चूल बंद असेल तर वैल तापणार कसा? मग गाडी तुझ्यासाठी, फक्त तुझी बोटं गोठू नयेत म्हणून, इंजिन चालू ठेवते. हायब्रिडची सगळी कमाई ज्या एका गोष्टीत आहे, तीच थंडी हिरावून घेते.

खोटं वाटत असेल तर स्वतः बघ. अर्धा-पाऊण तास गाडी चालवून झाली, इंजिन चांगलं तापलं, की एखाद्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये थांब. हीटर बंद कर. थोड्या वेळात इंजिन गप्प होईल, इतकं की बाहेरचा वारा ऐकू येईल. आता हीटर परत लाव आणि पंखा मोठा कर. काही मिनिटांत पायाखाली बारीकशी थरथर जाणवेल आणि इंजिन पुन्हा सुरू होईल, गाडी जागची हललेली नसताना. ती थरथर मला पहिल्यांदा कळली तेव्हा मनावरचं ओझं उतरलं होतं. गाडी आजारी नव्हती, सांगितलेलं काम करत होती.

आता आकडे सांगते, कारण तुझे अहो इंजिनीअर आहेत, आकड्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा: ७७ फॅरनहाइटच्या मानानं २० फॅरनहाइटला साधी पेट्रोल गाडी शहरात साधारण १५ टक्के कमी मायलेज देते, आणि तीन-चार मैलांच्या छोट्या फेऱ्या असतील तर २४ टक्क्यांपर्यंत कमी. हायब्रिडची घट ३० ते ३४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पन्नासातून एवढे वजा करून बघा, ३३ ते ३५ उरतात. तुमचा ३६ त्याच्याही वर आहे, आणि तोही २० पेक्षा थंड महिन्यात! मी तर म्हणेन, तुमची गाडी निरोगी आहे.

यात सगळी चूक हीटरची नाही, हेही खरं. गोठलेली बॅटरी चार्ज नीट घेत नाही, म्हणून ब्रेक दाबल्यावर जी वीज परत साठायला हवी ती कमी साठते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून हीटर बंद असला तरी सुरुवातीला इंजिन चालतंच. तेल घट्ट होतं. थंड हवा जड असते, ती कापत जायला जास्त जोर लागतो. हिवाळी पेट्रोलचं मिश्रणही वेगळं असतं, थंडीत लवकर पेट घ्यावा म्हणून केलेलं, आणि त्यात ताकद दीड-दोन टक्के कमी असते. प्रत्येक गोष्ट थोडी थोडी, पण सगळ्या मिळून खिशाला कळतात.

गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं बरं. पहिली प्रियस जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात आली, आणि तेव्हापासून थंड इंजिनाचा प्रश्न त्यांच्या मागे आहे. २००४ च्या मॉडेलपासून आलेल्या दुसऱ्या पिढीच्या अमेरिकेतल्या गाडीत तर त्यांनी चक्क थर्मास बसवला होता. गाडी बंद केली की इंजिनातलं गरम पाणी त्यात जाऊन बसायचं, आणि तीन दिवसांपर्यंत गरम राहायचं. सकाळी तेच पाणी इंजिनात सोडायचं. प्रवासाला निघताना आई चहाचा थर्मास भरायची, तसं. तुझ्या-माझ्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या गाडीत थर्मास काढून टाकला आणि बाहेर पडणाऱ्या धुराचीच उष्णता परत पाण्यात घ्यायची सोय केली. तेवढ्यानं फरक पडतो, पण उणे वीसच्या सकाळी कुठलीही युक्ती अपुरीच पडते.

मग करायचं काय? इथं मला तुझा हात धरून बोलायचंय, कारण पैसे वाचवायच्या नादात मी जी चूक केली ती तू करू नकोस. कारण कळल्यावर मी त्या फेब्रुवारीत हीटरच बंद ठेवून गाडी चालवू लागले. दोन स्वेटर, वर जाड कोट, हातमोजे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या श्वासानं समोरची काच आतून धुरकट झाली. हातमोज्यानं पुसली तर पाणी पसरून समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसायला लागले. चौकात लाल दिवा होता, तो मला दिसलाच नाही. समोरून येणाऱ्यानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून मी आज तुला हे लिहितेय. घरी कुणाला बोलले नाही मी तेव्हा. आज पहिल्यांदाच बोलतेय.

म्हणून काच स्वच्छ हवी, त्यात तडजोड नाही. डिफ्रॉस्ट लावलं की इंजिन चालणार, चालू दे. छतावरचा बर्फही झाडून काढ, नाहीतर ब्रेक मारल्यावर तो पुढच्या काचेवर घसरतो.

आणि पिल्लू. त्याला जाडजूड फुगीर जॅकेट घालून कारसीटमध्ये बांधू नकोस. आपल्याला वाटतं पट्टा घट्ट बसलाय, पण तो फुगवट्यावर बसलेला असतो. धक्का बसला की फुगवटा दबतो आणि बाळ पट्ट्यातून निसटू शकतं. इथले बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात: अंगात पातळ कपडे एकावर एक, पट्टा अंगासरशी, आणि वरून पांघरूण. आता तूच सांग, बाळाचं जॅकेट काढायचं म्हटल्यावर गाडी गरम नको का? त्याच्या उबेसाठी जळलेलं पेट्रोल वाया गेलं असं मनातही आणू नकोस.

हिशेब तरी केवढा आहे बघ. महिन्याला ८०० मैल धर. ५० नं १६ गॅलन लागायचे, ३५ नं तेवीसेक लागतात. सात गॅलन जास्त. गॅलनला तीन डॉलर धरले तर महिन्याला एकवीस डॉलर, आणि तेही चार महिने. एवढ्यासाठी हात गोठवायचे नाहीत.

पण सुखाला धक्का न लावता जे वाचतं, ते जरूर वाचव. सगळ्यात मोठी गळती तुझ्या छोट्या फेऱ्यांत आहे. सकाळी डेकेअरला दोन मैल, दुपारी इंडियन ग्रोसरी तीन मैल, संध्याकाळी लायब्ररी. दर वेळी इंजिन गारठलेलं, दर वेळी ते पहिल्यापासून तापवायचं, आणि तापलं न तापलं तोच तू गाडी बंद करतेस. पाणी उकळायला ठेवायचं आणि आधण येताच गॅस बंद करायचा, असं दिवसातून तीनदा. ही कामं एका फेरीत बसव. आणि क्रमही बघ: सगळ्यात लांबचं काम आधी, म्हणजे जाताना इंजिन पुरतं तापतं, आणि येताना जवळजवळच्या थांब्यांना ते गरमच असतं. एवढ्या एका सवयीनं आमचे तीन-चार मैल वाढले.

सीट गरम करायची सोय तुमच्या गाडीत आहे म्हणालीस ना? एकटी असशील तेव्हा ती लाव आणि हीटर ६८ वर ठेव. सीट विजेवर तापते, तिला इंजिनाचं गरम पाणी लागत नाही, आणि पाठीला थेट ऊब मिळते. निघाल्या निघाल्या हीटर पूर्ण सोडू नकोस. पाणी कोमट व्हायला लागलेलं असतं, तेवढ्यात पंख्यानं त्यातली ऊब ओढून घेतली की इंजिन आणखी उशिरा तापतं, आणि तुझ्या तोंडावरही गारच हवा येते. तीन-चार मिनिटं दम धर.

सकाळी पंधरा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवून तापवायची शेजाऱ्यांची पद्धत आहे. ती उचलू नकोस. पॉवरचं बटण दाब, रेडीचा दिवा लागू दे, पिल्लूचा पट्टा तपास, काच खरवड, आणि निघ. पहिले दोन-तीन मैल हळूवार चालव. चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते.

टायरची हवा. तापमान १० फॅरनहाइटनं उतरलं की साधारण एक पीएसआय हवा कमी होते. ऑक्टोबरात ६० फॅरनहाइट असताना ३५ भरली असशील, तर १० फॅरनहाइटच्या सकाळी ती ३० असते, आणि टायर पंक्चरही नसतो. बसलेल्या टायरला ओढायला जास्त पेट्रोल लागतं आणि बर्फावर पकडही बिघडते. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं आहे. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोज. दहा-बारा डॉलरचं गेज पुरतं.

तुमच्या अपार्टमेंटखाली गरम पार्किंगची जागा आहे आणि महिन्याचे पैसे पडतात म्हणून घेतली नाही, असं तू बोलली होतीस. नुसत्या पेट्रोलच्या हिशेबानं ते पैसे भरून निघणार नाहीत, हे मी मान्य करते. पण लहान बाळ घेऊन रोज सकाळी बर्फ खरवडायचा, त्याची किंमत धर आणि मग ठरव. माझं मत विचारशील तर फक्त हिवाळ्यापुरती घ्यावी. ते नसेल जमत तर ब्लॉक हीटर बसवून घ्या. इंजिनाला रात्री लावायचा विजेचा छोटा हीटर असतो तो, आपल्या गाडीला ४०० वॉटचा येतो. निघायच्या तीन तास आधी टायमरनं चालू केला की सव्वा युनिट वीजसुद्धा लागत नाही, आणि सकाळी इंजिन कोमट मिळतं. कॅनडात विनिपेग, एडमंटनकडे गाड्यांच्या नाकातून वायर लोंबताना दिसते, ती याचीच. तुझी गाडी उघड्यावर उभी असते तिथं प्लग आहे का ते आधी बघ. आणि वायर काढायची आठवण म्हणून स्टिअरिंगला काहीतरी बांधून ठेव.

आता एक गोष्ट अशी सांगते की तिच्यापुढे मायलेज वगैरे काहीच नाही. मंडळातल्या तुझ्या मैत्रिणीकडे घराला जोडून गॅरेज आहे आणि तिथं तू गाडी लावतेस कधी कधी. बंद गॅरेजमध्ये गाडी रेडीवर ठेवून कधीही घरात जाऊ नकोस, मिनिटभरही. साधी गाडी चालू असली तर आवाज येतो, कळतं. आपली गाडी गप्प असते, वाटतं बंद केली. बॅटरी उतरली किंवा पाणी थंड झालं की इंजिन आपलं आपण सुरू होतं, आणि त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपेत माणसं जातात. गाडीतून उतरताना बटण दाबून रेडीचा दिवा विझलेला डोळ्यांनी बघायचा, मगच दार लावायचं. बर्फात गाडी अडकली आणि आत बसून राहायची वेळ आली, तरी मागचा धुराचा पाइप बर्फानं बुजलेला नाही ना ते आधी बघायचं. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना? आजच त्याचं टेस्टचं बटण दाब.

आणि खरोखर बिघाड असेल तर कसा ओळखायचा? समोर लाल त्रिकोणाचा दिवा पेटला, किंवा पडद्यावर बॅटरीच्या पट्ट्या काही मिनिटांत भरून तितक्याच झपाट्यानं रिकाम्या व्हायला लागल्या, किंवा मे उजाडला तरी आकडा वर आला नाही, तर दाखवायला जा. अर्धा तास चालवूनही हीटरमधून कोमटच हवा येत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. इंजिन तापतच नाही, म्हणून बंदही होत नाही आणि पेट्रोल पीत राहतं. ही दुरुस्ती हायब्रिड बॅटरीच्या मानानं अगदी किरकोळ असते. आणि एखाद्या सकाळी रेडीचा दिवाच लागला नाही, तर मोठ्या बॅटरीचं नाव घेऊन घाबरू नकोस. डिकीत उजवीकडे एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते, थंडीत आधी तीच मान टाकते. ती बदलली की काम होतं.

मोठी बॅटरी बदला असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडून मोजणी कागदावर मागा, आणि पैसे द्यायच्या आधी दुसऱ्या ठिकाणी दाखवा. मी त्या दिवशी लाजेनं विचारलं नव्हतं, परक्या देशात आपल्याला काय कळतंय असं वाटून. तू विचार.

शनिवारी आम्ही तुमच्याकडे येतोय. तिळगूळ आहेच, शिवाय माझं टायरचं गेजही आणते. चारही चाकं तुझ्या हातानं मोज, मी शेजारी उभी राहीन. या टाकीचा आकडा वहीत लिहून ठेव, समोर तारीख घाल. पुढच्या जानेवारीत त्याच्याशी ताडून बघ, ऑगस्टशी नको. आणि एप्रिलच्या शेवटी टाकी भरलीस की पहिला फोन मला कर.

तुझी,
ताई